पहाऱ्यावरचे मासे

झाउरेशच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावरचा फोड काही केल्या बरा होत नव्हता, आणि ही गोष्ट जगात तिच्याखेरीज कुणालाही ठाऊक नव्हती. पहिला बर्फ पडला तेव्हा तो मसुराएवढा होता. आता जर्दाळूला फुलं धरायची वेळ आली तरी तो आपला ठाण मांडून बसलेला, जांभळट, वर खपली आणि खाली ओल. शिवाय मनगटाकडे जाताना त्याची दोन-तीन भावंडंही उगवली होती. दुखत फारसं नव्हतं. घरात दुसरं माणूस असलं की चहाचा पियाला देताघेता ‘बोटाला काय झालं गं’ असं कुणीतरी विचारतं आणि दुखणं तिथेच पकडलं जातं. झाउरेशच्या घरात विचारणारं कुणी नव्हतं, आणि कामावर ती हाताला पट्टी बांधून जायची, काच लागली म्हणून सांगायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा आक्ताउला तेलाच्या विहिरींवर होता, सणासुदीला फोन करायचा, आणि फोनवरून बोट दिसत नाही.

अल्माटीच्या जुन्या भागात एक संशोधन संस्था आहे. तिच्या तळमजल्यावर झाउरेश माशांचा हॉल सांभाळायची. काचेच्या टाक्यांच्या रांगाच रांगा आणि त्यांत बोटाच्या पेराएवढे पट्टेरी झेब्रा मासे, हजारोंनी. वरच्या मजल्यावरचे लोक त्यांच्यावर प्रयोग करत. खाली झाउरेश त्यांना खाऊ घाली, पाणी बघे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे मासे निरोगी आहेत अशी ग्वाही देई. तिची ग्वाही नसेल तर वरच्यांच्या प्रयोगाला कवडीची किंमत नाही. मासा मुळात आजारी असेल तर जे दिसलं ते प्रयोगामुळे दिसलं की आजारामुळे, हे कोण सांगणार?

ही ग्वाही द्यायची रीत अशी. हॉलच्या टोकाला एक टाकी वेगळी ठेवलेली. बाकी सगळ्या टाक्यांचं वापरलेलं, घाण पाणी तिच्यातून जाई. त्या पाण्यात राहणाऱ्या माशांना पहारेकरी म्हणत. हॉलमध्ये कुठेही रोग शिरला तर तो आधी त्यांना व्हावा, यासाठीच ते बिचारे तिथे. ठरावीक मुदतीनंतर त्यांतले काही मारायचे, त्यांच्या पोटातल्या अवयवांचा ठसा काचपट्टीवर घ्यायचा, त्याला लाल रंग चढवून गरम करायचं आणि मग आम्लाने धुवायचं. धुतल्यावर बाकी सगळ्यांचा लाल रंग उतरतो. माशांच्या क्षयाचे जिवाणू मात्र असे चिवट की त्यांचा उतरत नाही. वरून निळा रंग दिला की निळ्या रानात लाल काड्या पडल्यासारख्या ते उघडे पडतात. झाउरेशच्या काचांवर कधी एक लाल काडी दिसली नव्हती. संस्थेत त्या काचांचं नाव होतं. पाहुणे आले की प्रयोगशाळेचे प्रमुख मार्क्लेन अगाय, म्हणजे मार्क्लेन सर, त्यांना मुद्दाम खाली आणून दाखवत.

आता पुढचं सांगायला मला जड जातं, पण ते सांगितल्याशिवाय गोष्ट नाही. झाउरेश केगेनकडच्या डोंगरातली, मेंढपाळाची मुलगी. आमच्याकडे थंडीत एखादं कोकरू खंगलं तर ते गोठ्यात ठेवत नाहीत. घरात आणतात, चुलीपाशी, पोरांच्या अंथरुणात. हे कुणी शिकवत नाही, हात आपसूक तसे वळतात. तर पहारेकऱ्यांतला एखादा मासा कोपऱ्यात गप्प तरंगायला लागला, त्याचं पोट खपाटीला गेलं, की झाउरेशचे हातही तसेच वळत. दुनियेची घाण पिणारी ही पोरं, निदान मरताना तरी स्वच्छ पाण्यात मरू देत, असं ती स्वतःशी म्हणे. मुरंब्याच्या बरणीत त्याला घाली, कोटाच्या आत धरून ट्रॉलीबसने घरी नेई, आणि टाकीत त्याच्या जागी चांगला धट्टाकट्टा मासा सोडून देई. तपासणीची वेळ आली की टाकीत सगळे धट्टेकट्टेच. काचा स्वच्छ. घरी खिडकीत बरण्या वाढत गेल्या.

शिकलेली बाई, रोगाचं काम करणारी, तिला एवढं कळू नये? कळत होतं. पण कळून घ्यायचं नव्हतं. काही मासे वयाने खंगतात, काहींना दुसरे खाऊ देत नाहीत, असं ती मनाशी घोकायची. आणि खरं सांगायचं तर संध्याकाळी घराचं दार उघडल्यावर खिडकीतल्या त्या बरण्यांत काहीतरी हललं की तिला बरं वाटायचं. कुंपणच शेत खात होतं, आणि कुंपणाला वाटत होतं आपण माया करतो.

या मायेची एक किंमत तिने आधीच मोजली होती. बरण्या कुणाच्या दृष्टीस पडू नयेत म्हणून तिने लोकांना घरी बोलावणं सोडलं. आमच्यात हे म्हणजे जिवंतपणी दार लिंपून घेणं. लोकांनी वर्षभर वाट पाहिली, मग तेही हिला बोलवेनासे झाले.

राहिली एक उल्पान. वरच्या मजल्यावर डॉक्टरेटचं काम करणारी पोर, शहरात वाढलेली, तोंडाची तिखट. झाउरेशला ती ‘अपाय’ म्हणायची, म्हणजे आमच्यात ताई. दुपारी ती खाली यायची आणि पंपांच्या घरघरीत दोघी दूध घातलेला चहा प्यायच्या. झाउरेशच्या दिवसाला त्या चहापुरता आवाज असायचा. उल्पानचे मासे खास होते. त्यांचं एक जनुक तिने बदललं होतं, आणि त्या माशांच्या पोटात तिला पेशींचे बारीक पुंजके सापडले होते. जखम नाही, रोग नाही, तरी शरीराचे शिपाई एका जागी गोळा होऊन कुणाला तरी वेढा घालून बसल्यासारखे. कारण एकच उरत होतं, ते बदललेलं जनुक. तिचा सगळा प्रबंध त्या पुंजक्यांवर उभा होता.

“परवा एका शहाण्याने विचारलं,” उल्पान सांगायची, “मासे आजारी नसतील कशावरून? म्हटलं, आमच्या झाउरेश अपायच्या काचा बघून या आणि मग तोंड उघडा.”

“मग?”

“मग काय, आला, बघितलं, आणि तुमच्या हातचा चहा पिऊन गेला. आठवत नाही? तो टकल्या.”

झाउरेश हसायची. त्या दिवशी रात्रीची भाकरी तिला गोड लागायची.

कोपराजवळ गाठ आली आणि पीठ मळता येईना, तेव्हा कुठे ती दवाखान्यात गेली. डॉक्टरीण म्हातारी होती, चष्मा कपाळावर ठेवून बघणारी. तिने हात उलटासुलटा केला.

“मासे पाळतेस?”

“नोकरीच माशांची आहे.”

“मग तुझे मासे आजारी आहेत. त्यांचा क्षय तुझ्या हाताला लागलाय.”

“आमचे मासे आजारी नाहीत. मी स्वतः तपासते.”

“असं,” डॉक्टरीण म्हणाली. “मग हा हात खोटं बोलत असेल. खोटं बोलणाऱ्या हातालाही या गोळ्या लागू पडतात, पुष्कळ महिने घ्याव्या लागतील. माणसामाणसांत हे पसरत नाही, तेव्हा घरच्यांना घाबरवू नकोस.”

“घरी कुणी नाही.”

डॉक्टरिणीने चष्मा खाली ओढून एकवार तिच्याकडे पाहिलं आणि पुढच्या रोग्याला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी झाउरेशने घरातला सगळ्यात खंगलेला मासा संस्थेत आणला. सगळे जेवायला गेल्यावर ठसा घेतला, लाल रंग चढवला, गरम केला, आम्लाने धुतला, निळा दिला. मायक्रोस्कोपला डोळा लावला तर निळ्या रानात लाल काड्याच काड्या. आणि त्यांच्याभोवती पेशींचे पुंजके. हे पुंजके तिने उल्पानच्या चित्रांत इतक्यांदा पाहिले होते की ओळखायला क्षण लागला नाही. फक्त या माशाचं जनुक कुणी बदललेलं नव्हतं. उल्पानने पुंजक्यांना लाल रंग कधी दिलाच नव्हता. कशाला देईल? खाली झाउरेश अपाय बसली होती ना.

ती स्टुलावर बसून राहिली.

सुटायची वाट होती, आणि ती तिला लगेच सुचली. तपासणी तोंडावर आली होती. घरातले मासे पुन्हा पहारेकऱ्यांत सोडून द्यायचे. काचेवर लाल काड्या येतील, रोग आत्ताच शिरला असं सगळे म्हणतील, हॉल रिकामा होईल, स्वच्छ होईल. कुणी तिला बोट लावणार नाही. उल्पानचे प्रयोग त्याच्या आधीचे ठरतील आणि तिचा प्रबंध पार पडेल. मार्क्लेन अगायने तिला प्रबंधानंतर याच इमारतीत कामाची खोली कबूल केली होती, म्हणजे ती इथेच राहील, रोज चहाला येईल. झाकली मूठ सव्वा लाखाची. नुकसान कुणाचं? एका पोरीने आजाराला जनुक समजून प्रबंध लिहिला आणि पुढचे लोक त्यावर आणखी माड्या चढवतील, एवढंच. उघडं केलं तर मात्र पोरीच्या हाती भोपळा, आणि झाउरेशच्या हातून पोर जाणार. झाउरेशने बरण्या पिशवीत भरल्यासुद्धा. दोन दिवस ती पिशवी दाराशी तशीच राहिली. कधी ती तिला उचलवली नाही, कधी उचलून परत ठेवली. माशांना मात्र ती वेळच्या वेळी खाऊ घालत होती.

प्रबंध मांडायचा दिवस जवळ आला तशी उल्पान एका दुपारी कुर्तच्या, म्हणजे सुकवलेल्या दह्याच्या, खारट गोळ्यांची पुडी घेऊन खाली आली. चहा झाला, तरी उठेना.

“अपाय, एक मागायचंय.”

“माग.”

“आई म्हणाली, जायच्या आधी एखाद्या वडीलधाऱ्याचा आशीर्वाद घे. इथे माझं वडीलधारं तुम्हीच. मार्क्लेन अगायचा नको, ते आशीर्वाद देतानाही मध्येच थांबून वाक्य सुधारतात.”

आणि तिने दोन्ही तळवे उघडे करून समोर धरले. आता झाउरेशनेही आपले तळवे उघडायचे, चार शुभ शब्द बोलायचे आणि दोघींनी हात चेहऱ्यावरून फिरवायचे. लहानपणापासून शेकडो वेळा केलेली गोष्ट. झाउरेशचे हात मांडीवरून उठेनात. खोटं बोलता येतं, गप्प राहता येतं, पण उघड्या तळव्यांनी आशीर्वाद देताना पोटात काळं ठेवायचं हे तिच्याने होणारं नव्हतं.

आमच्यात वाईट बातमी थेट सांगत नाहीत. कुणी परगावी मेलं तर चार वडीलधारी मिळून जातात, इकडचं तिकडचं बोलतात, पडलेल्या झाडाची नाहीतर उडून गेलेल्या ससाण्याची गोष्ट काढतात, आणि ऐकणारा हळूहळू आपणच समजून घेतो. झाउरेशबरोबर जायला चार सोडा, एकही माणूस नव्हतं. ती एकटीच सुरू झाली.

“आमच्या डोंगरात एक मेंढपाळ होता.”

उल्पानला वाटलं आशीर्वादाची प्रस्तावना आहे. ती तळवे तसेच धरून ऐकू लागली.

“रोग आला तर आधी कळावा म्हणून त्याने काही मेंढ्या वाटेच्या तोंडाशी बांधल्या. त्याची बायको मऊ काळजाची. बांधलेली मेंढी खंगली की ती तिला गुपचूप सोडून घरात न्यायची, चुलीपाशी. तिच्या जागी चांगली बांधायची. मेंढपाळ बघायचा, सगळ्या ठणठणीत. गावभर सांगायचा, माझ्या कळपाला रोग नाही.”

“बाई तर येडीच होती की,” उल्पान हसली. “आणि तो तिच्याहून. रोज बघतोय आणि मेंढी बदललेली कळत नाही? अपाय, माझे हात दुखायला लागले. आशीर्वादात मेंढ्या कुठून घुसल्या?”

“ऐकून घे. त्या कळपाच्या लोकरीचा त्यांच्या मुलीने एक सुंदर गालिचा विणायला घेतला…”

“आणि गालिच्याला पहिलं बक्षीस मिळालं. आमीन.” उल्पानने चेहऱ्यावरून हात फिरवले. “झालं ना?”

“पोरी, ती बाई मी आहे.”

पंप घरघरत होते. उल्पानचा चेहरा अजून हसरा होता, पण हसू जागच्या जागी राहिलं होतं. झाउरेशने हातावरची पट्टी सोडली, हात टेबलावर ठेवला आणि मग काही आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. बरण्या, ट्रॉलीबस, डॉक्टरीण, काच. काच ड्रॉवरमध्येच होती. उल्पान उठली, तिने ती मायक्रोस्कोपखाली लावली आणि बराच वेळ डोळा हलवला नाही.

“किती दिवस चाललंय हे?” तिने तिकडे तोंड करूनच विचारलं.

“तू इथे आलीस त्याच्या आधीपासून.”

“म्हणजे माझे पुंजके…”

“माझ्या घरातल्या माशांतही आहेत. त्यांचं तर काही बदललेलं नाही.”

“तुम्ही गप्प बसायचं होतं,” उल्पान म्हणाली. मग खुर्चीत बसली आणि डोकं हातांत धरलं. “नाही. गप्प नव्हतं बसायचं. आईने प्रबंधाच्या जेवणाला कझालीहून माझ्या आत्यांना बोलावून घेतलंय. त्या गाडीत बसल्यासुद्धा असतील.” मग मान वर करून ती म्हणाली, “तुम्हाला एकदाही वाटलं नाही, की वर जाऊन विचारावं, हा मासा असा का झालाय?”

“विचारलं असतं तर तो मारावा लागला असता.”

“तो मरायलाच ठेवला होता, अपाय.”

“हो.”

“मला आत्ता तुमच्याशी बोलायचं नाहीये,” उल्पान म्हणाली आणि काच घेऊन वर गेली. कुर्तची पुडी टेबलावर राहिली.

पुढे जे व्हायचं ते झालं. प्रबंध मागे घेतला गेला. मार्क्लेन अगाय खाली आले, झाउरेशला काही न बोलता टाक्यांच्या रांगांतून एक चक्कर मारून परत गेले, आणि तिला ते ओरडण्याहून वाईट वाटलं. निर्णय असा झाला की सगळे मासे मारायचे, टाक्या-नळ्या फेकायच्या, आणि ज्या जाती वाचवण्याजोग्या त्यांची अंडी औषधात धुऊन दुसऱ्या इमारतीत वाढवायची. झाउरेशला सुट्टीवर पाठवलं. ती घरी बसली. खिडकीतल्या बरण्यांत जे चार-पाच जीव उरले होते त्यांच्याकडे पाहणंसुद्धा तिला जिवावर यायचं. फोन वाजला नाही. आक्ताउला ती फोन करू शकली असती, पण मुलाला काय सांगायचं, आणि त्याने ‘बरं बरं’ म्हटल्यावर काय करायचं, हे तिला सुचेना.

मग एका सकाळी दारावर थाप पडली. दारात उल्पान, हातात रबरी मोजे, पायाशी झाकणाची बादली.

“घरातले मासे न्यायला आलेय. तेही तपासायचेत.”

“ये, आत ये.”

कित्येक वर्षांत या घरात आलेलं हे पहिलं माणूस, आणि ते जप्तीला आल्यासारखं आलेलं. उल्पान खिडकीपाशी गेली, एकेक बरणी बादलीत ओतू लागली. झाउरेशला हातांचं काय करावं ते कळेना. तिने टेबलावर धुतलेली चादर अंथरली, नान ठेवला, लोणी काढलं, चहाला आधण ठेवलं. उल्पानने त्याकडे पाहिलं नाही. शेवटची बरणी रिकामी करून तिने बादलीचं झाकण लावलं आणि दाराकडे निघाली.

“नानचा तुकडा तरी तोंडात टाक,” झाउरेश म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

आमच्याकडे भांडायला आलेला माणूससुद्धा एवढं करतो. दारातून आत आलेला माणूस भाकरी न चाखता गेला तर त्या घराशी त्याने संबंध तोडला असं समजतात. उल्पान शहरातली असली तरी एवढं तिलाही माहीत होतं. ती उंबऱ्यापाशी थांबली. बादली खाली ठेवली. मोजे काढले, न्हाणीत जाऊन हात धुतले, पुष्कळ वेळ धुतले. परत येऊन तिने नानचा एक तुकडा मोडला आणि उभ्याउभ्याच खाल्ला, भिंतीकडे बघत. लोण्याला हात लावला नाही. चहाला थांबली नाही. तिचे डोळे सुजलेले होते, हे झाउरेशला आत्ता दिसलं.

“आत्यांचं काय झालं?” झाउरेशने विचारलं.

“आल्या. जेवल्या. पुन्हा कधी बोलावशील म्हणून विचारून गेल्या.” उल्पानने घास गिळला. “सगळं पहिल्यापासून करायचं. किती वर्षं जातील कोण जाणे.”

झाउरेशला ‘माफ कर’ म्हणायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आला आणि इतका लहान वाटला की तिने तो परत गिळला.

उल्पानने बादली उचलली, दार ढकललं, जिन्याच्या दोन पायऱ्या उतरली आणि पाठमोरीच थांबली.

“उद्या हॉल रिकामा करायचाय. वरच्यांपैकी कुणी येत नाहीये. सगळ्यांना अचानक कामं निघालीत.” तिने बादली या हातातून त्या हातात घेतली. “एवढे मासे मला एकटीला मारवणार नाहीत, अपाय.”

“किती वाजता येऊ?” झाउरेशने विचारलं.